आवडते व्हिलन सांगा, पण नुसतं नाव टाकून पळू नका (आणि माझी एक तक्रार)

निशाचर

मंडळी, व्हिलनवर धागा निघाला की पहिल्या दहा प्रतिसादांत गब्बर, मोगॅम्बो, शाकाल, जोकर येऊन जातात आणि धागा तिथेच आटपतो. म्हणून इथे नियम एकच, नाव टाकलंत तर सोबत त्या माणसाचा एखादा सीन, एखादी सवय, काहीतरी सांगायचं ज्यामुळे तो तुमच्या डोक्यात बसला. पुस्तक, नाटक, सिनेमा, सिरीज सगळं चालेल. पुराणातले नकोत, भांडणं होतात आणि धाग्याला कुलूप लागतं.

आता तक्रार. हल्ली प्रत्येक व्हिलनला रडकं बालपण का देतात? बाप मारायचा, शाळेत चिडवायचे, आई सोडून गेली, मग तो खून करायला लागला, आणि आपण पण हो रे बिचारा म्हणायचं. सगळ्यात जास्त चीड मला हॅनिबल लेक्टरच्या, त्या माणसं खाणाऱ्या खुन्याच्या, बाबतीत आली. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' पुस्तकात (१९८८) एफबीआयमध्ये शिकणारी क्लॅरिस प्रश्नावली घेऊन त्याच्याकडे जाते, तेव्हा तो तिला सरळ सांगतो की मला कोणी काही केलेलं नाही, मी आहे तो असा आहे, मला कारणांच्या यादीत कोंबू नका. काय माज आहे त्यात! १९९१ च्या सिनेमात अँथनी हॉपकिन्स पडद्यावर अगदी थोडा वेळ दिसतो आणि बेस्ट अ‍ॅक्टरचं ऑस्कर घेऊन जातो, कारण आपल्याला त्याच्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नसतं. आणि मग त्याच लेखकाने १९९९ च्या पुस्तकात त्याला एक लहान बहीण दिली, आणि २००६ मध्ये 'हॅनिबल रायझिंग' काढून अख्खं पुस्तक त्या बालपणावरच खर्ची घातलं, युद्ध, भुकेले लुटारू, बहिणीला मारून खाल्लं वगैरे. वाचून झाल्यावर मला त्याची भीती वाटेना, कीव यायला लागली. कीव आली की व्हिलन संपला.

गब्बरचं पण तेच बघा (धागाकर्त्याला तेवढी सूट). तो डाकू का झाला हे 'शोले'त कुठे कळतं? नाही कळत. अहमदला, म्हणजे आपल्या सचिन पिळगावकरला, त्याच्यापुढे आणतात तेव्हा तो पडल्या पडल्या हातावर चालणारा एक किडा बघत असतो, थोडा वेळ त्याला चालू देतो आणि मग चिरडतो. पुढे थेट गावात आलेलं प्रेत. मधलं काही दाखवलेलंच नाही, आणि तरी तो सीन मला त्या तीन गोळ्या तीन माणसं वाल्या सीनपेक्षा जास्त भयंकर वाटतो.

चला, सुरू करा.

खुर्चीतला_प्रेक्षक

पहिला! खुर्ची टाकून बसलोय, लिहितो सावकाश.

आबा_नाटकवाले

निशाचर, तुमचा नियम मान्य. माझं मत लखोबा लोखंडेला.

आत्ताच्या मुलांना 'तो मी नव्हेच' फक्त एक वाक्य म्हणून माहीत असतं, नाटक बघितलेलं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अत्र्यांचं नाटक, १९६२ चं, माधव काझी नावाच्या खऱ्या भामट्याच्या खटल्यावरून सुचलेलं. सगळं कोर्टात घडतं. एकेक साक्षीदार येतो, साक्ष द्यायला लागतो, आणि फिरता रंगमंच फिरून ती हकिगत आपल्यासमोर उभी राहते. कधी हा दिवाकर दातार असतो, कधी कॅप्टन परांजपे, कधी राधेश्याम महाराज. प्रत्येक वेळी वेश वेगळा, चाल वेगळी, बोलायची ढब वेगळी. रंगमंच फिरायला लागतो तेवढ्यात लखोबा करणारे प्रभाकर पणशीकर कपडे बदलून नवा माणूस होऊन उभे, आणि परत फिरून कोर्ट आलं की पिंजऱ्यात पुन्हा तोच निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, चेहऱ्यावर रेघ हलत नाही, तो मी नव्हेच.

गंमत अशी की प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असतं की हाच तो. रहस्य असं काही नाहीच. मजा फक्त बघण्यात, की आता हा यातून कसा सुटतो. मी हसायचो, थिएटर हसायचं, आणि मग ज्या बाईशी याने लग्न करून तिचे दागिने लुबाडले ती समोर उभी राहून बोलायला लागली की आपण आत्ता कशाला हसत होतो असं व्हायचं. आणि त्यानंतर दोन मिनिटांत तो काहीतरी बोलायचा आणि आपण परत हसायचो. हे मला अजून कुठल्या व्हिलनने करायला लावलेलं नाही.

बालपण वगैरे काही नाही बरं का त्याला. पण पात्रं पाच!

मंजिरी_क

आबा, काय लिहिलंय! एक नंबर.

निशाचर, तुमच्या तक्रारीशी मात्र मी अजिबात सहमत नाही. 'रात्रीस खेळ चाले' आठवा. २०१६ च्या पहिल्या सीझनमध्ये अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात, म्हणजे बाकीच्यांच्या बोलण्यातून कळेल तेवढेच अण्णा. मग २०१९ ला दुसरा सीझन काढला तो मागे जाऊन, अण्णा जिवंत असतानाचा, आणि तिथे अण्णा डोक्यावर बसले सगळ्यांच्या. तुमच्या हिशोबाने मागची गोष्ट सांगितली की व्हिलन संपतो ना? इथे तर मागची गोष्ट सांगितली तेव्हा व्हिलन सुरू झाला. माधव अभ्यंकर नुसते खुर्चीत बसून समोरच्याकडे वरपासून खालपर्यंत बघायचे ना, तेवढ्यात कळायचं की आता या घरात कोणाचं तरी वाईट होणार. आणि लोक म्हणजे आमच्या घरातले सगळे त्याला शिव्या देत देत रोज बरोब्बर वेळेवर टीव्हीसमोर हजर.

आणि दुसरं म्हणजे २०१९ चा 'जोकर' सिनेमा. तो अख्खा सिनेमाच बिचारेपणावर आहे आणि तरी शेवटी भीती वाटतेच की. वाकीन फीनिक्सला ऑस्कर उगाच मिळालं का.

निशाचर

मंजिरीताई, अण्णांचा मुद्दा बिनतोड आहे, पण अण्णांच्या सीझनमध्ये ते असे का झाले हे कुठे सांगितलंय, ते काय काय करायचे एवढंच सांगितलंय. मला 'का'चा राग आहे, 'काय'चा नाही.

आणि जोकर म्हणाल तर मला २००८ च्या 'द डार्क नाइट'मधलाच. हीथ लेजरवाला तोंडावरच्या व्रणांची गोष्ट एकाला सांगतो की बापाने चाकूने केलं, दुसऱ्या वेळी सांगतो की बायकोसाठी मीच करून घेतलं. म्हणजे दिग्दर्शकाने आपल्या या रडक्या बालपणाच्या अपेक्षेचीच चेष्टा केलीय. तिसऱ्यांदा तो गोष्ट सांगायला जातो तेव्हा बॅटमॅन त्याला पूर्ण करूच देत नाही, तिथे मी टाळी वाजवलेली.

अर्धी_पेन्सिल

जोकरच्या आधी चारशे वर्षं इयागोने हेच केलंय हो. 'ओथेल्लो'त तो सारखी कारणं देत असतो. मला बढती नाही दिली, माझ्या बायकोबरोबर याचं काहीतरी आहे असं ऐकलं, त्या कॅसियोवर पण तोच संशय. इतकी कारणं देतो की एकावरही विश्वास बसत नाही. आणि शेवटी पकडल्यावर विचारतात की बाबा का केलंस, तर म्हणतो इथून पुढे मी एक शब्द बोलणार नाही, आणि खरंच बोलत नाही. 'ओंकारा'त (२००६) लंगड्या त्यागीचं कारण जास्त सरळ आहे, गादी दुसऱ्याला दिली म्हणून, त्यामुळे तो पटतो लवकर, पण मला मूळचा जास्त छळतो. सैफने काम मात्र जबरदस्त केलंय, त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती.

दुपारची_झोप

हॅरी पॉटरमधली डोलोरेस अंब्रिज!!! कोणी नाव कसं घेतलं नाही अजून

व्होल्डेमॉर्टची मला कधीच भीती वाटली नाही कारण असा माणूस आपल्याला आयुष्यात भेटणार नाही हे माहीत असतं, पण अंब्रिज? गुलाबी स्वेटर, भिंतीवर मांजराच्या पिल्लांच्या प्लेटा, कोणी बोलत असलं की मधेच ते बारीक खोकणं, आणि गोड हसत हसत नवीन नियम. हॅरीला शिक्षा म्हणून ती एक वाक्य लिहायला लावते, मी खोटं बोलणार नाही म्हणून, आणि शाई देतच नाही. तो लिहायला लागतो तर कागदावर अक्षरं लाल उमटतात आणि तीच अक्षरं त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला कापली जातात, रक्त त्याचंच. आणि ही बाई समोर बसून शांतपणे बघत असते. आणि तो हे कोणाला सांगायला पण जात नाही, तक्रार करायची तर कोणाकडे, सगळे नियम हिनेच केलेत!! हे वाचताना मी पुस्तक फेकलेलं भिंतीवर. मग उचलून परत वाचलं अर्थात

सिनेमात (२००७) इमेल्डा स्टॉन्टनने ते इतकं केलंय की नंतर तिला दुसऱ्या कुठल्या भूमिकेत बघितलं तरी मला राग यायचा, बिचारीची काय चूक

खुर्चीतला_प्रेक्षक

अंब्रिजला अनुमोदन. ती व्होल्डेमॉर्टच्या टोळीतली नाही हेच जास्त वाईट आहे, ती सरकारी माणूस आहे आणि आपण बरोबरच करतोय अशी तिची खात्री असते.

माझं उत्तर गस फ्रिंग, 'ब्रेकिंग बॅड' सिरीजमधला ड्रग्जचा धंदेवाला. चौथ्या सीझनचा पहिला एपिसोड. त्याच्यासाठी ड्रग्ज बनवणारा वॉल्टर घाबरून बडबड बडबड करतोय, जीव वाचवायला एकामागून एक कारणं देतोय, आणि गस काहीच बोलत नाही. कोट काढतो, घडी करून ठेवतो, टाय काढतो, तो केमिकलचा सूट चढवतो, बॉक्स कटर घेतो आणि वॉल्टरला सोडून स्वतःच्याच माणसाचा गळा चिरतो. मग परत तेवढ्याच सावकाश हात धुणं, चष्मा पुसणं, टाय बांधणं. जाताना फक्त कामाला लागा एवढंच. कापण्यापेक्षा ते टाय बांधणं बघवत नाही.

निशाचर, तुम्हाला एक कोडं घालतो. त्याच सीझनमध्ये गसला मागची गोष्ट दिलीय, स्विमिंग पूलपाशी त्याच्या पार्टनरला त्याच्यासमोर मारतात ती. मग गस संपला का तुमच्यासाठी?

निशाचर

नाही संपला. तिथे पण अर्धीच सांगितलीय ना, तो चिलीमध्ये कोण होता ज्यामुळे ते लोक त्याला मारत नाहीत हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. अर्धी चालते मला. फोडून सांगितली की जातं सगळं.

मंजिरी_क

म्हणजे नियम तुमचे, अपवाद पण तुमचेच. अंब्रिजच आहात तुम्ही :)

गडकरीप्रेमी

माझं नाव ऐकून लोक नाक मुरडतील पण लिहितोच. 'एकच प्याला'मधला तळीराम.

तो कोणाचं वाईट चिंतत नाही. वकील सुधाकरवर त्याचा राग नाही, त्याच्याकडून काही उकळायचं पण नाही. कोर्टात तोंड टाकून सुधाकरची सनद काही दिवसांसाठी रद्द झालेली असते, अपमानाने माणूस जळत असतो, आणि हा त्याचा कारकून येऊन म्हणतो की घ्या थोडीशी, विसर पडेल. एवढंच. पुढे जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्याची बायको सिंधू, ते मूल, सगळं घर धुळीला मिळतं. आणि हा तोपर्यंत आर्य मदिरा मंडळ काढून तिथे भाषणं ठोकतोय. नाटकातले सगळ्यात मोठे हशे त्याचेच! गडकऱ्यांनी सर्वनाशाचं सगळं काम विनोदी पात्राकडे दिलंय. १९१९ ला हे रंगभूमीवर आणायला काय डोकं लागत असेल. 'भावबंधन'मधला घनश्याम पण गडकऱ्यांचाच, तो तर रीतसर व्हिलन, लतिकेने अपमान केला म्हणून सूड, कागदपत्रांच्या जोरावर तिच्या बापाला अडकवणं, सगळं ठरवून. चिंतामणराव कोल्हटकरांचं त्या भूमिकेत मोठं नाव झालं. पण घनश्यामपासून सावध राहता येतं हो. तळीरामापासून कसं राहणार, तो तर मित्र आहे.

आबा_नाटकवाले

गडकरीप्रेमी, तळीरामाला व्हिलन म्हणणं मला नाही पटत. तो स्वतःच दारूने मरतो की नाटकात! व्हिलन म्हणजे ज्याला आपण काय करतोय ते कळतं आणि तरी जो करतो. लखोबाला कळतं. तळीराम त्याच खड्ड्यात आधी पडलेला माणूस आहे, सोबतीला अजून कोणीतरी हवं म्हणून ओढतो.

गडकरीप्रेमी

आबा, अंब्रिजला तरी कुठे कळतंय मग? तिला तर आपण समाजसेवा करतोय असं वाटतं. कळण्याची अट घातलीत तर अर्धा धागा रिकामा होईल.

तिसरी_घंटा

तुमचं चालू द्या, मी बंगालीतून एक आणतो. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टींमधला मगनलाल मेघराज. 'जय बाबा फेलुनाथ' सिनेमा १९७९ चा, मगनलाल झालाय उत्पल दत्त. आणि त्याच वर्षी हाच माणूस 'गोलमाल'मध्ये मिशीवरून नोकरी देणारा भवानीशंकर! दोन्ही लागोपाठ बघा, डोकं चक्रावतं.

बनारसच्या घरात मगनलाल फेलूदाला बोलावतो, गादीवर लोडाला टेकून बसलेला, एकदम अगत्याने सरबत मागवतो. सोबतचे जटायू म्हणजे लालमोहनबाबू घाबरलेत, सरबतात विष असेल म्हणून. मगनलाल आधी पैसे देऊ बघतो की ही केस सोड. फेलूदा नाही म्हणतो. तर तो चिडत नाही. म्हणतो थोडी करमणूक करू, आणि एका म्हाताऱ्या चाकूफेक्याला बोलावतो आणि फळीसमोर उभं करतो कोणाला, तर लालमोहनबाबूंना. फेलूदा म्हणतो मी उभा राहतो, तर नाही, तुम्ही नाही, हेच. त्या भित्र्या, गरीब, रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्याभोवती एकेक चाकू येऊन रुततोय आणि मगनलाल मजेत बघतोय. फेलूदाला हात पण लावलेला नाही आणि त्याला पुरता नागवलाय, कारण त्याची हुशारी तिथे काडीच्या कामाची नाही. मुलांचा सिनेमा म्हणतात याला! मी मोठेपणी बघितला आणि घाम फुटला.

निशाचर

हे मी बघितलेलं नाही!! आज रात्रीच बघतो.

रविवारचा_वाचक

पुढे रिप्लेबद्दल लिहितोय, पुस्तकात काय होतं ते येणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून जा, नंतर येऊन ओरडू नका.

पॅट्रिशिया हायस्मिथचा टॉम रिप्ले, पहिलं पुस्तक १९५५ चं. या बाईने वाचकाशी जे केलंय त्याला तोड नाही. रिप्ले डिकी नावाच्या श्रीमंत मित्राला बोटीत वल्ह्याने मारतो, त्याचे कपडे घालतो, त्याच्या सह्या करतो, त्याच्या पैशांवर जगतो. इथपर्यंत ठीक, वाईट माणूस आहे. पण त्यानंतर पोलीस दार वाजवतात तेव्हा माझ्या छातीत धडधडतं, अरे लवकर आवर, ती अंगठी काढ बोटातली! म्हणजे मी कोणाच्या बाजूने आहे? मेलेल्या डिकीची आठवण पण राहत नाही. पुस्तक मिटल्यावर स्वतःचीच लाज वाटते, ती पण फार वेळ नाही.

आणि २०२४ ची ब्लॅक अँड व्हाइट सिरीज आली, अँड्र्यू स्कॉटवाली, ती मला १९९९ च्या सिनेमापेक्षा आवडली कारण तिच्यात खून म्हणजे केवढं मरणाचं कष्टाचं काम आहे हे दाखवलंय. इतर सिनेमांत गोळी घातली, पुढचा सीन. इथे मारल्यावर प्रेत नांगराला बांधा, त्यात स्वतःच पाण्यात पडा, बोट एकटीच गोल गोल फिरतेय ती अंगावर येतेय, मग बोट दगड भरून बुडवा. दुसऱ्या खुनात तर लिफ्ट बंद, प्रेत जिन्यावरून एकेक पायरी खाली आणायचं, मग वर जाऊन रक्त पुसत बसायचं, आणि एक मांजर हे सगळं बघत बसलेलं. एपिसोड संपेपर्यंत माझीच कंबर धरली.

दुपारची_झोप

मांजर!! तो सगळ्या सिरीजमधला एकमेव साक्षीदार आणि तोच काही बोलू शकत नाही

मांजरावरून आठवलं, 'अंधाधुन'मधली तब्बू कोणाला आठवते का? सिमी. नवऱ्याचं प्रेत जमिनीवर, आंधळा पियानोवाला शेजारी वाजवतोय, आणि ही त्याच्याशी गोड गोड गप्पा मारत मारत खाली हाताने खुणा करून प्रेत उचलायला लावतेय. मला आवडतं की तिचा काही मोठा प्लॅन नाहीये, पहिलं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, घर आवरल्यासारखे खून करत सुटते

कोपऱ्यातली_सीट

उशिरा आलो. रामा शेट्टी राहिला की राव!

'अर्धसत्य', १९८३, सदाशिव अमरापूरकर. मुळात पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, पटकथा तेंडुलकरांची, निहलानींचा सिनेमा. हिंदी सिनेमातला व्हिलन म्हणजे अड्डा, लाल दिवे, भिंतीवर वाघाचं मुंडकं अशी सवय होती तेव्हा हा साधा दिसणारा माणूस आला जो आवाजच चढवत नाही, त्याला गरजच नाही, सगळे फोन त्याच्याच बाजूने वाजणार आहेत हे त्याला माहितीये. एरवी व्हिलन हिरोला संपवायला माणसं पाठवतो. इथे उलटं, हिरो म्हणजे पोलीस अधिकारी वेलणकर (ओम पुरी), त्याच्या हातून कोठडीत माणूस मरतो, नोकरी जाणार, तुरुंग समोर दिसतोय, आणि ज्याला पकडायला आयुष्य घालवलं त्याच्याच दारात त्याला मदत मागायला जावं लागतं. आणि शेट्टीला राग येत नाही, सूड घ्यावा असं पण वाटत नाही. त्याला गंमत वाटते. तू आता माझा, एवढंच त्याला हवंय. पुढे जे होतं ते सांगत नाही पण ओम पुरीचा तो चेहरा बघा.

'सडक'मधली (१९९१) महाराणी पण अमरापूरकरांचीच, बक्षीस पण मिळालं, लोकांना तीच जास्त आठवते. मला नाही तेवढी आवडत, फार आरडाओरडा आहे.

मंजिरी_क

महाराणीला नावं ठेवायची नाहीत! लहानपणी मी त्या सिनेमानंतर आठवडाभर एकटी झोपले नाही. आणि लहानपणच्या भीतीवरच मतं मागितली तर या धाग्यावर तात्या विंचू बिनविरोध निवडून येईल. 'झपाटलेला' १९९३. रामदास पाध्यांचा बाहुला, त्याच्या आत दिलीप प्रभावळकरांचा आवाज. तोच माणूस दोन वर्षं आधी 'चौकट राजा'त नंदू होऊन सगळ्यांना रडवून गेलेला. घरात कपाटावर साधी बाहुली ठेवली तरी तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचे मी.

खुर्चीतला_प्रेक्षक

तात्या विंचूला मतदान केलं गेलं आहे, ओम फट् स्वाहा.

@रविवारचा_वाचक, रिप्ले मी वाचलेला नाही, सिरीज आधी बघितली तर पुस्तकाची मजा जाईल का?

रविवारचा_वाचक

पुस्तकच आधी वाच. सिरीजमध्ये त्याच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून ओळखावं लागतं आणि स्कॉटचा चेहरा मुद्दामच कोरा ठेवलाय. पुस्तकात तुम्ही थेट त्याच्या डोक्यात बसलेले असता, तिथून बाहेर पडायला जागा नाही. आणि १९९९ चा सिनेमा सगळ्यात शेवटी बघ. त्यात रिप्ले जरा जास्तच बिचारा करून टाकलाय, निशाचरांना अजिबात आवडायचा नाही.

निशाचर

बघितलाय. नाहीच आवडला.